कवडूची दुसरी साक्ष

देवळीच्या मंडळीत साक्ष देण्यात कवडूचा हात धरणारा कोणी नव्हता. पाळकांचा उपदेश सुरू झाला की मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं खुशाल डुलक्या काढत. कवडू उभा राहिला की तीच माणसं ताठ बसून कान टवकारत. ख्रिस्ती मंडळीतली साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आपण काय पापं केली, देवाने ती कशी माफ केली आणि आपलं आयुष्य कसं पालटलं, हे चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. बहुतेकांची ती पाच मिनिटांत आटोपते, कारण स्वतःची पापं सांगताना भलाभला माणूस हात आखडता घेतो. कवडूची पाऊण तास चालायची.

तो काही ढोंगी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चौदा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली ती सोडलीच. बाप्तिस्मा घेतला, बायकोवर पुन्हा हात उचलला नाही, आणि तेव्हापासून दिवसभर गिट्टीचा ट्रॅक्टर चालवून घरी येताना तो भाजी घेऊन यायचा. एवढं ज्याला जमलं त्याने जरा मिरवलं तर मिरवू द्यावं, असं मंडळीचं मत होतं. पुलगावहून बोलावणं येई, समुद्रपूरहून येई, आणि कवडू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून हजर.

साक्षीतल्या जागा ठरलेल्या होत्या. दारूचा भाग आला की लोक माना हलवत. बायकोला मारल्याचा भाग आला की कवडू रडे आणि बायाही डोळ्यांना पदर लावत. मग लोकांचा जीव हलका व्हावा म्हणून तो शंकरपटाची गोष्ट काढी. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि तरुणपणी कवडू जोडी हाकणारा नावाजलेला धुरकरी होता. एका पटात समोरची जोडी भारी आहे असं दिसल्यावर, तिचा मालक नाव नोंदवायला गेला असताना, कवडूने एका बैलाच्या खुराच्या बेचक्यात बाभळीचा काटा खुपसला. बैल अर्ध्या वाटेत कसा फेंगडला, धुरकरी छकडीवरून कसा उडाला आणि आपल्याला बक्षिसात मिळालेला कूलर आठ दिवसांत कसा जळाला, हे तो हातवारे करून सांगे. लोक पोट धरून हसत. शेवटी कवडू दोन्ही हात वर करी.

"माह्यं सारं ओझं येशूनं आपल्या खांद्यावर घेतलं. आता माह्या नावावर काईच शिल्लक नाई."

आणि सगळे हालेलुया म्हणत. कवडूचा यावर पक्का विश्वास होता. रात्री आडवा झाला की दोन मिनिटांत घोरायला लागायचा, इतका पक्का.

यंदा श्रावणात समुद्रपूरला मोहिनीबाई नावाच्या निवृत्त नर्सच्या अंगणात प्रार्थनासभा होती. साक्ष नेहमीसारखी रंगली. कूलर जळाला तिथे तर मोहिनीबाईंना ठसका लागला. सभा संपली, चहा फिरला, आणि फाटकाजवळच्या खुर्चीवर बसलेला एक माणूस उठून कवडूकडे आला. डोक्याचे केस पांढरे, अंगात शेतात जायचाच सदरा. त्याची बायको सुमित्राबाई काही महिन्यांपासून या सभेला यायची. तो तिला घ्यायला आला होता आणि सभा संपेना म्हणून बसून राहिला होता.

"कोणता पट होता गा थो?" त्याने विचारलं.

"कोणता?"

"काट्यावाला."

कवडूने गावाचं नाव सांगितलं. कोणी साक्षीबद्दल विचारलं की त्याला आवडायचं.

"त्या बैलाच्या कपाळावर पांढरा चांद होता का? डावा बैल?"

कवडूच्या हातातला कप तसाच राहिला. चांद होता. साक्षीत त्याने तो कधी सांगितला नव्हता, कारण तो सांगून कोणी हसलं नसतं.

"होता," तो म्हणाला.

माणूस ओट्यावर बसला. त्याचं नाव तानबा. कवडूला ते नाव एकोणीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

"चांद्या नाव त्याचं," तानबा म्हणाला. "पाय मोडला. तिसऱ्या दिवशी मेला. पटाच्या आदल्या दिवशी मी त्याले कापसाच्या बंडीले जुपलं होतं. बाबा म्हणत होते, जुपू नको, उद्या पळाचं हाये त्याले. मी आयकलं नाई. बैल थकला होता म्हणून पडला, असं साऱ्यायनं म्हटलं. मलेबी तसंच वाटलं. खुर कोणी पाह्यलाच नाई."

कवडूने कप ओट्यावर ठेवला.

"म्हणजे माह्या हातानं नाई मेला थो," तानबा हळूच म्हणाला. तो चिडलेला दिसत नव्हता आणि त्याचीच कवडूला जास्त भीती वाटली. "बाबा दोन वर्सं जगले त्याच्यानंतर. माह्याशी बोलले नाईत. जेवाचं ताट मी नेलं तं हात लावत नोहोते. तसेच गेले."

सुमित्राबाई येऊन नवऱ्यामागे उभी राहिली. तानबा उठला आणि जाता जाता त्याने विचारलं, अगदी खरंच जाणून घ्यायचं असावं तसं:

"तुह्या देवानं तुले माफ केलं म्हणतं तू, तवा माह्याबद्दल काई बोलला नाई का?"

कवडूकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. शेजारचा मारुतीभक्त असो की नागपूरचा कॉलेजात शिकलेला भाचा, कवडू कोणाला हार जायचा नाही. त्या दिवशी तानबाची मोटरसायकल दूर जाईपर्यंत तो फाटकाकडे बघत उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने बायकोला, बायजाला, सगळं सांगितलं. बायजा कमी बोलणारी. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती आणि ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

"मले वाटे, देवानं माफ केलं म्हणजे झालं," कवडू म्हणाला.

"माह्याबद्दलबी तुमाले तसंच वाटलं," बायजा म्हणाली.

"काय?"

"तुमी मले मारलं. मंग सोडलं. मंग गावोगाव जाऊन सांगतलं. हजार लोकाईपुढं रडले. देवाले माफी मागतली. मले कवा मागतली?"

कवडूला आठवून बघावं लागलं नाही. मागितली नव्हती. चौदा वर्षं भाजी आणली होती, तीच माफी असं धरून चालला होता. तो तिच्यापुढे खाली बसला आणि शब्द जुळवायला लागला. साक्षीतली वाक्यं ओळीने तोंडाशी आली, पण बायजासमोर त्यातलं एकही उच्चारायची त्याला लाज वाटली.

"चुकलो वं मी," एवढंच तो म्हणाला.

"मी कवाच माफ केलं," बायजा म्हणाली, आणि हातातली शेंग तिने खाली ठेवली. "पण आयकाचं होतं मले. तानबाभाऊलेबी आयकाचं असन. मी न मागता केलं, त्यायनंबी करावं असं कुठं लिह्यलं हाये? जा तुमी."

पुढच्या रविवारी उपासना चुकवून कवडू तानबाच्या गावी गेला. उपासना चुकवण्याची चौदा वर्षांतली ही पहिली वेळ. तानबा गोठ्यात होता. त्याने कवडूला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि कवडूने हात जोडताच त्याला थांबवलं.

"गोठ्यात माफी मागून काय होते? मले बोल लावले ते साऱ्या गावानं. एकोणीस वर्सं झाले, मी पोळ्यात तोरनाखाली उभा राह्यलो नाई. माह्ये बैल शेजारी नेते. परवाच्या दिवशी पोळा हाये. तोरनाखाली येजो अन् सांगजो, साऱ्याईले आयकू येईन असं."

"येतो," कवडू म्हणाला.

"अन् तुह्यी थे पाऊण तासाची नोको. देवाचं नावबी नोको घेऊ. लोक म्हणतीन, पोळ्यात धर्म घेऊन आला, मंग माह्यी गोष्ट राह्यन बाजूले अन् भांडण होईन. तू काय केलं, तेवढं सांग."

बसमध्ये कवडूचं डोकं भणभणत होतं. गावाच्या माराची भीती होतीच, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. त्याची साक्ष आजवर वाईटात सुरू होऊन चांगल्यात संपायची. देवाचं नाव काढलं की तिचा शेवटच जात होता. उरत होता फक्त बाभळीचा काटा आणि तो हातात धरलेला कवडू. आणि आत कुठेतरी आणखी एक शंका डोकं वर काढत होती: तानबाचं सगळं बाकी असताना आपण माफ झालो होतो की नुसतेच म्हणत होतो?

देवळीला उतरल्यावर तो तडक पाळक प्रेमदास यांच्याकडे गेला. प्रेमदास साधा, हळू बोलणारा माणूस. त्यांच्या उपदेशात लोक झोपायचे ते उगाच नाही. पण समोरासमोर बसले की त्यांच्याइतकं नेमकं कोणी बोलत नसे.

"पाळकसाहेब, एक सांगा. मले माफी भेटली होती की नोहोती?"

"भेटली होती."

"तानबाचं असं असूनबी?"

"असूनही. कवडूभाऊ, तुम्ही चांगले झालात म्हणून देवाने माफ केलं नाही, मग तुमचं एक जुनं पाप वर आलं म्हणून तो ती माफी परत कशी घेईल? ती पक्की आहे. प्रश्न असा, की ती तुम्हाला कशासाठी दिली? साक्षी देत फिरण्यासाठी?"

कवडूने मान खाली घातली.

"मला वाटतं, तानबाच्या दारात जाण्यासाठी दिली," प्रेमदास म्हणाले. "चौदा वर्षं उशीर झाला. झाला तर झाला. जा."

"देवाचं नाव घेऊ नोको म्हणते थो."

"नका घेऊ. येशूने गप्प बसून पुष्कळ सोसलंय. एक दिवस तुमचंही गप्प बसणं चालेल त्याला."

पोळ्याच्या दिवशी तानबाच्या गावात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि त्याखाली गावातल्या जोड्या ओळीने उभ्या होत्या. शिंगांना रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. डफडं वाजत होतं आणि पोरं झडत्या म्हणत होती, म्हणजे एकमेकांना डिवचणारी ती पोळ्याची खास गाणी. ओळीच्या टोकाला तानबा स्वतः आपली जोडी धरून उभा होता. लोक त्याच्याकडे वळून वळून बघत होते. तोरणाची दोरी तुटायच्या आधी तानबाने हात वर केला आणि डफडं थांबवायला सांगितलं.

"हा देवळीचा कवडू हाये. याले काई सांगाचं हाये."

कवडू पुढे झाला. त्याला हजारोंसमोर बोलायची सवय होती आणि इथे दीडशे माणसं होती. तरी त्याने आधी वळून पाहिलं. बाजूला बायजा उभी होती. ती न सांगता त्याच्याबरोबर बसमध्ये चढली होती.

"मी पटात जोडी हाकत होतो," कवडू म्हणाला. "एकोणीस वर्सं झाले. तानबाभाऊचा चांद्या माह्या जोडीले भारी होता. तानबाभाऊ नाव लिव्हाले गेलता तवा मी चांद्याच्या खुरात बाभळीचा काटा खुपसला. म्हणून तो पडला. आदल्या दिवशी बंडीले जुपला होता म्हणून नाई पडला. तानबाभाऊची काई चूक नोहोती. त्याच्या बाबाचा काई गैरसमज झाला असन तं तो माह्यामुळं झाला. मंग मी हे लोकाईले हसत हसत सांगत फिरलो. तेबी चुकलं. मले माफ करा म्हणाले आलो."

तो थांबला. हात वर करायची सवय होती, पण ते त्याने बाजूला घट्ट धरून ठेवले. मिनिटभरही लागलं नव्हतं.

कोणी हसलं नाही. कुठल्या तरी बैलाने मान हलवली, तेवढी घुंगरं वाजली. मग तानबाचा पुतण्या धीरज पुढे आला आणि त्याने कवडूची गचांडी धरली. कवडूने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. आदल्या रात्रीच त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं, दोन पडल्या तर खायच्या.

"सोड त्याले," तानबा म्हणाला.

"काका, यानं..."

"सोड म्हटलं न. यानं सांगतलं. इथं कोणी इतक्या वर्सांत सांगतलं का, की मी तानबाले उगाच बोललो?"

धीरजने हात सोडला. गर्दीतून किराणा दुकानवाले भैयाजी पुढे आले, ऐंशीच्या घरातले. तानबाच्या हाती बैल देऊ नका, असं म्हणून गावभर हशा पिकवणारे हेच. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तानबा, मी लय बोललो तुले," ते म्हणाले. "तुह्या बापाच्या कानातबी मीच घातलं."

तानबाने मान हलवली, डफडं वाजवणाऱ्याला खूण केली, आणि पोळा फुटला. बैल धावत निघाले, पोरं ओरडत मागे. कवडू आणि बायजा धुळीत उभे राहिले. मार पडला नाही याचं कवडूला नवल वाटत होतं. बायजाने त्याच्या सदऱ्याची चुरगळलेली कॉलर सरळ केली.

"चला दोघंबी घरी," तानबा मागून म्हणाला.

घरी सुमित्राबाईने बैलांना ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. मग ती बायजाला घेऊन चुलीकडे गेली. कवडू आणि तानबा गोठ्याच्या दाराशी उभे राहिले.

"तू त्या दिवशी इचारलं होतं," कवडू म्हणाला. "देव तुह्याबद्दल काई बोलला नाई का म्हणून."

"हो."

"बोलला असन. मी आयकलं नाई. माह्याच बोलण्यातून फुरसत नोहोती."

तानबाच्या ओठांवर थोडंसं हसू आलं. "मंग माफी खरी का खोटी तुह्यी?"

"खरी," कवडू लगेच म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला आतून इतकं निश्चित वाटलं की तो स्वतःच चकित झाला. "खोटी असती तं तोरनाखाली माह्यी जीभच उचलली नसती. रस्त्यातूनच पळालो असतो. पण येशूनं माह्यं ओझं घेतलं म्हणून मी नाचत होतो, अन् इकडं थेच ओझं तू वाहत होता. तुले कोणी इचारलंबी नाई. हे मले उतरवताबी येत नाई तानबाभाऊ. गेले थे वर्सं गेले."

तानबा आत वळला. गोठ्याच्या भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता, काच धुरकटलेली. फोटो घरात न लावता गोठ्यात का, असं कवडूने विचारलं नाही. म्हातारा बैलांचाच माणूस असणार. तानबाने खांद्यावरच्या दुपट्ट्याने काच पुसली.

"गावानं आयकलं," तो म्हणाला. "पण ज्यानं आयकाचं होतं तो हा. याले कोण सांगन?"

कवडू फोटोपुढे आला.

"तुह्यी तं वळख हाये न तिकडं," तानबा म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. "रोज बोलतं म्हणतं तू देवाशी. मंग सांग न त्याले, माह्या बाबाले निरोप दे म्हणा."

प्रेमदास तिथे असते तर मेलेल्या माणसाला असा निरोप धाडता येत नाही, हे त्यांनी दोन वचनं काढून समजावून सांगितलं असतं. कवडूलाही ते ठाऊक होतं. देवळीच्या मंडळीत या विषयावर सर्वात मोठ्या आवाजात वाद घालणारा तोच होता. पण तानबा वडिलांच्या फोटोसमोर हात जोडून उभा होता आणि कवडूला कोणाचंही म्हणणं विचारायला जावंसं वाटलं नाही.

"सांगतो," तो म्हणाला.

त्याने डोळे मिटले. अर्धा-अर्धा तास प्रार्थना करणारा माणूस तो, तिच्यात त्याचं स्वतःचं नाव शंभरदा यायचं.

"बापा," तो म्हणाला, "तानबाभाऊच्या बाबाले सांग. चांद्याच्या खुरात काटा होता. पोरानं हयगय केली नोहोती."